मालकाचा देव आणि भावाचा ‘फ्लॅटमेट’

पत्राचा सारांश: इंग्लंडच्या उत्तर भागात चौदा वर्षं राहणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र. माहेर सांगलीचं. नवरा अकरा वर्षं एका फ्राइड चिकनच्या साखळीत मॅनेजर आहे. लग्न झाल्यापासून रविवारी दुपारी तो घरी जेवल्याचं ताईंना आठवत नाही. आता ‘चिक-फिल-ए’ ही अमेरिकन साखळी ब्रिटनमध्ये येतेय आणि आपली रेस्टॉरंटं चालवायला स्थानिक माणसं शोधतेय. नवऱ्याला अर्ज करायचाय. ताईंचा धाकटा भाऊ मँचेस्टरला सहा वर्षं एका पुरुषासोबत संसार करतोय. हे कानावर गेल्यावर तो एवढंच म्हणाला, “तुम्ही खुशाल घ्या. मी त्या दारात पाऊल ठेवणार नाही.” नवऱ्याचं म्हणणं, धंदा तो धंदा, मालक कुठल्या चर्चला जातो याच्याशी आपल्याला काय करायचंय! ताई विचारतात: आम्ही हिंदू, आम्हाला ते घेतील का? आणि घेतलं तर तो भावाचा विश्वासघात ठरेल का?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा प्रश्नासाठी, तिसऱ्यांदा त्यातल्या एका शब्दासाठी. त्या शब्दाकडे येतेच, पण आधी या कोंबडीवाल्यांची नीट ओळख करून घेऊ. कारण तुमच्या पत्रात ‘ते लोक फार कट्टर आहेत असं ऐकलंय’ एवढंच आहे आणि नवऱ्याच्या तोंडी ‘धंदा तो धंदा’. मला दोन्ही अर्धवट वाटतं.

ट्रुएट कॅथी नावाच्या गृहस्थांनी १९४६ मध्ये अटलांटाजवळच्या हेपव्हिल गावात भावाबरोबर एक छोटं खानावळवजा हॉटेल काढलं. माणूस बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा, चर्चमध्ये मुलांना शिकवणारा. पहिल्यापासून हॉटेल रविवारी बंद. १९६७ मध्ये अटलांटातल्या एका मॉलमध्ये ‘चिक-फिल-ए’ या नावाचं पहिलं दुकान निघालं. आज अमेरिकेत त्यांची तीन हजारांवर रेस्टॉरंटं आहेत आणि ती सगळी रविवारी बंद असतात. अटलांटाच्या मोठ्या स्टेडियममध्येही त्यांचं दुकान आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे घरचे बहुतेक सामने रविवारी, आणि त्याच दिवशी यांचं शटर खाली! आपल्याकडे रविवारी सकाळी पिशवी घेऊन चिकनवाल्यापुढे उभं राहण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे पचायला जडच जातं.

यातली कळीची गोष्ट म्हणजे ही कंपनी शेअर बाजारात नाही. ती कुटुंबाची आहे. ट्रुएट २०१४ मध्ये गेले; त्याच्या आदल्या वर्षीच मुलगा डॅन प्रमुख झाला होता, आणि २०२१ पासून नातू अँड्र्यू. कंपनीचा जो जाहीर हेतू आहे, त्याची सुरुवातच देवाचा महिमा वाढवण्यापासून होते. आपल्या हाती सोपवलेल्या गोष्टींचे आपण प्रामाणिक राखणदार आहोत, असं त्यात म्हटलंय. म्हणजे तुमच्या नवऱ्याचं ‘धंदा तो धंदा’ हे वाक्य खुद्द मालकालाच मान्य नाही. त्याच्या लेखी धंदा हीच भक्ती आहे. मग तुम्ही दोघांनी ती बाजूला ठेवून विचार करणं म्हणजे पंढरीच्या वाटेवर दुकान थाटायचं आणि वारीशी आपला काही संबंध नाही म्हणायचं, तशातलं झालं.

आता भावाच्या रागाचं मूळ. २०१२ च्या उन्हाळ्यात डॅन कॅथींनी एका बाप्टिस्ट नियतकालिकाला मुलाखत दिली. कुटुंबाच्या पारंपरिक, बायबलमधल्या व्याख्येच्या बाजूने कंपनी उभी आहे असं म्हणतात, यावर तुमचं काय मत, असं विचारल्यावर ते उत्तरले की हा गुन्हा मला कबूल आहे. समलिंगी विवाहाच्या विरोधात काम करणाऱ्या संस्थांना कॅथींच्या धर्मादाय संस्थेकडून देणग्या गेल्याचंही त्या काळात उजेडात आलं. मग बॉस्टनच्या महापौरांनी ‘आमच्या शहरात येऊ नका’ म्हणून पत्र लिहिलं. दुसऱ्या बाजूने, माजी गव्हर्नर माइक हकाबी यांच्या हाकेवर १ ऑगस्टला लोकांनी कंपनीला पाठिंबा म्हणून दुकानांपुढे मैलभर रांगा लावल्या. दोनच दिवसांनी समलिंगी जोडपी त्याच दुकानांपुढे एकमेकांचं चुंबन घेऊन निषेध करत होती. एका सँडविचवरून देश दोन पंगतींत बसला. डॅन कॅथींनी २०१४ मध्ये कबूल केलं की कंपनीला या वादात ओढणं चूक होती. मात्र त्यांचं स्वतःचं मत बदललं, असं ते म्हणाले नाहीत.

२०१९ हे वर्ष तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं, कारण ते तुमच्या देशात घडलं. ऑक्टोबरमध्ये रेडिंगच्या ‘ओरॅकल’ मॉलमध्ये त्यांनी प्रयोग म्हणून दुकान उघडलं. तिथल्या समलिंगींच्या ‘रेडिंग प्राइड’ या संस्थेने विरोध केला आणि आठ-दहा दिवसांत मॉलने सांगून टाकलं की सहा महिन्यांच्या करारापुढे मुदतवाढ नाही. त्याच्या महिनाभर आधी टोरांटोतल्या दुकानाचं उद्घाटन निदर्शनांच्या गजरात झालं होतं. नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की २०२० पासून आमचं प्रतिष्ठान शिक्षण, बेघरांना निवारा आणि भूक या तीनच कामांना पैसे देईल. आदल्या वर्षी खेळाडूंच्या ज्या ख्रिस्ती संघटनेला सोळा लाख डॉलरच्या वर देणगी गेली होती, ती थांबली. ‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवासंस्थेचीही थांबली. मग जे २०१२ मध्ये रांगेत उभे होते तेच चिडले. हकाबींनाही दगा झाल्यासारखं वाटलं.

२०२३ मध्ये ही मंडळी ब्रिटनला परत आली, या वेळी दहा वर्षांत दहा कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा करून. लीड्स, लिव्हरपूल, लंडनमधलं किंग्स्टन, उत्तर आयर्लंड अशी नावं जाहीर झाली. पाठोपाठ सिंगापूर. रेडिंगमध्ये पोळल्यावर या वेळी त्यांनी भर दिला तो ‘रेस्टॉरंट तुमच्याच गावातला माणूस चालवेल’ यावर. तो गावातला माणूस म्हणजे, अर्ज मंजूर झाला तर, तुमचा नवरा. उद्या पुन्हा कोणी फलक घेऊन उभं राहिलं, तर डॅन कॅथी अटलांटात असतील आणि दारात तुमचा नवरा असेल, छातीवर नावाची पट्टी लावून. हे त्याला एकदा शांतपणे डोळ्यांपुढे आणायला सांगा.

आता ‘कट्टर’ या शब्दाबद्दल. मालकाला देव आहे, यात वावगं काही नाही. आपल्याकडे गल्ल्यावर तुळजाभवानीचा किंवा गजानन महाराजांचा फोटो नाही असं दुकान दाखवा. सकाळी उदबत्ती फिरवल्याशिवाय बोहनी होत नाही आणि त्याने गिऱ्हाइकाचं काही बिघडत नाही. पण मुंबईत सोसायटीचा सेक्रेटरी जेव्हा विचारतो, ‘नॉनव्हेज खाता का?’, आणि त्या उत्तरावर घर मिळणं-न मिळणं ठरतं, तेव्हा त्याचा देव्हारा त्याच्या घरात राहिलेला नसतो. तो तुमच्या ताटात आलेला असतो. म्हणून मी मालकाची श्रद्धा मोजत बसत नाही. त्याचा चेक कुणाच्या नावाने फाटतो आणि त्याच्या दुकानात माणसाला वागणूक काय मिळते, एवढंच बघते.

चेकचं चित्र आज २०१२ पेक्षा बरंच निराळं आहे. पण कंपनी खाजगी आहे; नफा शेवटी कुटुंबाकडे जातो आणि कुटुंबातल्या माणसांनी स्वतःच्या खिशातून कुणाला काय द्यावं यावर प्रतिष्ठानाचं धोरण लागू होत नाही. तुमचा भाऊ म्हणेल की आडवळणाने का होईना, पैसा पोचतोच. तो चुकीचं बोलत नाहीये. पगाराच्या नोकरीपेक्षा इथे हा मुद्दा जास्त टोचतो, कारण अमेरिकेतल्या त्यांच्या पद्धतीत रेस्टॉरंट चालवणाऱ्या माणसाच्या, म्हणजे चालकाच्या, विक्रीतले पंधरा टक्के कंपनी आधी घेते आणि उरलेल्या नफ्यातला निम्मा नंतर.

वागणुकीचं चित्र मात्र एकरंगी नाही. २०१६ च्या जूनमध्ये ऑरलँडोतल्या समलिंगींच्या क्लबमध्ये गोळीबार होऊन ४९ माणसं मेली, तो रविवार होता. रक्तदानाला लोकांच्या रांगा लागल्या तेव्हा तिथल्या काही चिक-फिल-ए वाल्यांनी रविवारी भट्टी पेटवली आणि रक्तदात्यांना सँडविच आणि आइस टी नेऊन दिले. रविवारी बंद ठेवायचा नियम त्या दिवशी कुणासाठी मोडला, ते बघा. हे सांगून मी कुणाचा रंग धुऊन काढत नाहीये. एवढंच की एकाच पाटीखाली अटलांटाचा मालक असतो आणि ऑरलँडोचा चालकही असतो. भावाला ही गोष्ट पटवून द्यायला जाऊ नका. नवऱ्याला सांगा. तो चालक व्हायला निघालाय.

आणि इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. ख्रिस्ती असणं ही चालकासाठी लेखी अट नाही. तरीही ह्यूस्टनमधल्या एका मुस्लिम माणसाने २००२ मध्ये कंपनीवर खटला भरला होता. प्रशिक्षणाच्या वेळी येशूच्या सामूहिक प्रार्थनेत मी सामील झालो नाही, दुसऱ्या दिवशी मला काढलं, ही त्याची तक्रार. प्रकरण तडजोडीने मिटलं. याला दोन दशकं उलटून गेलीत आणि ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे, जो नोकरीत धर्म आणि लैंगिक कल दोन्हींचं संरक्षण करतो. पण तुमचा नवरा तिथे नोकर नसेल, करारदार असेल. त्याला ते संरक्षण किती आणि कसं लागू होतं, हे सही करण्याआधी सॉलिसिटरकडून समजून घ्या. दोनशे-तीनशे पौंड जातील, जाऊ द्या.

करारावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुम्ही दोघं नैतिक प्रश्नात इतके गुंतलात की पत्रात व्यवहाराचा एकही प्रश्न नाही. अमेरिकेत या साखळीचा चालक व्हायला फक्त दहा हजार डॉलर भरावे लागतात. बाकी नामांकित साखळ्यांना लागतात लाखो. ऐकून कुणाचेही डोळे चमकतील. पण जागा कंपनीची, इमारत कंपनीची, यंत्रंही कंपनीची. चालकाला ते दुकान विकता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही. पंधरा वर्षं राबून बाहेर पडलात तर हातात त्या वर्षांची कमाई, बाकी शून्य. शिवाय चालकाने दुसरा चालू धंदा ठेवायचा नाही, पूर्ण वेळ तिथेच उभं राहायचं, ही तिकडची अपेक्षा. तुम्ही दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेता असं ओझरतं लिहिलंय. तो धंदा तुमच्या नावावर असला तरी विचारून ठेवा. ब्रिटनमधल्या अटी जशाच्या तशा असतील असं धरू नका, आणि नसतील असंही धरू नका. लेखी मागा. कंपनीने उद्या देशातून काढता पाय घेतला तर चालकाचं काय, हाही प्रश्न त्यात घाला. हे लोक १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले होते आणि २००१ मध्ये गाशा गुंडाळून परत आले. रेडिंगचं तर सांगितलंच.

त्याच कागदावर आणखी चार गोष्टी विचारून घ्या. प्रशिक्षणात किंवा बैठकांत प्रार्थना असते का, आणि त्या वेळी बाहेर थांबलं तर चालतं का? स्थानिक संस्थेला देणगी द्यायची झाली तर ती निवडणार कोण? कर्मचारी नेमण्याचा, बढतीचा, रजेचा निर्णय पूर्णपणे चालकाचा का? समलिंगी कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला, इतरांच्या नवरा-बायकोला मिळतात त्याच सवलती द्यायला कंपनीची आडकाठी आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर तेही उत्तरच समजा. कंपनीच म्हणते की ब्रिटनमधल्या एकेका रेस्टॉरंटमध्ये ऐंशी ते एकशेवीस जणांना काम मिळेल. इतकी पोरं म्हटल्यावर त्यांत तुमच्या भावासारखी पाच-दहा असणारच. काउंटरवरच्या एकोणीस वर्षांच्या पोराला आपल्या मित्राबद्दल सहज बोलता येतंय की इकडेतिकडे बघून बोलावं लागतंय, हे अटलांटात ठरणार नाही. ते तुमचा नवरा ठरवेल. तो या कामाला तयार आहे का? पत्रावरून मला त्याचा अंदाज आला नाही. माणूस कष्टाळू आहे एवढं दिसतं, पण मेव्हण्याच्या बोलण्यावर त्याने खांदे उडवले असं तुम्हीच लिहिलंय.

आता भाऊ. ‘विश्वासघात’ हा शब्द तुमचा आहे, त्याचा नाही. तो म्हणाला, खुशाल घ्या, मी येणार नाही. आपल्याकडे ‘खुशाल’ हा शब्द खुशीने क्वचितच म्हणतात, हे मलाही कळतं. तरी त्याने तुम्हाला बंदी घातलेली नाही, स्वतःच्या पायांपुरती रेघ आखलीय. ती रेघ पुसायला जाऊ नका. उद्घाटनाला ये, एकदा चव तरी घे, आम्ही आहोत ना तिथे, असली गळ घालू नका. शाकाहारी पाहुण्याला आपण ‘नुसता रस्सा घे’ म्हणतो ना, त्यातला प्रकार. त्याला एवढंच विचारा की तुझी हरकत पैशाला आहे, त्या नावाला आहे, की आम्ही तुला न विचारता ठरवत होतो याला? पत्रात तुम्ही लिहिलंय की त्याला हे ‘कळलं’. कुणाकडून कळलं? तुमच्याकडून नाही, असं वाचताना जाणवलं.

आणि आता तो शब्द. पत्राच्या दुसऱ्या पानावर, सांगलीच्या आईशी फोनवर काय बोलणं होतं ते लिहिताना तुम्ही म्हणता, ‘आई विचारते तेव्हा मी सांगते की तो आणि त्याचा फ्लॅटमेट मजेत आहेत.’ सहा वर्षं. त्याच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसलेला माणूस, गणपतीला तुमच्याकडे येऊन मोदकाला कळ्या पाडायला शिकलेला माणूस, हे सगळं तुमच्याच पत्रात आहे, आणि आईसाठी तो भाडं वाटून घेणारा. मला तुमची अडचण कळते. आईचं वय, सांगलीतली गल्ली, लोकांची तोंडं. भावानेच तसं सांगायला सांगितलं असेल, तर मी हे परिच्छेदभर बोलले ते मागे घेते. पण त्याने सांगितलं होतं की तुम्हीच ठरवलंत, हे पत्रात नाही. कदाचित त्या दारात पाऊल न ठेवण्याबद्दल तो जे बोलला, त्यात हेही थोडं मिसळलेलं असेल. अटलांटाच्या कॅथींनी कुटुंबाची व्याख्या केली म्हणून आपल्याला चीड येते, आणि फोनवर आपणही तीच व्याख्या सांभाळत असतो.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मी तुमच्या जागी असते तर केवळ मालकांच्या श्रद्धेपायी अर्ज थांबवला नसता. भावाशी बोलल्याशिवाय आणि लेखी उत्तरं हातात आल्याशिवाय पुढेही गेले नसते. आणि ‘मला हे जमणार नाही, माझ्या बहिणीच्या घरात या नावाचा पैसा नको’ असं त्याने स्पष्ट म्हटलं असतं, तर मी सोडून दिलं असतं. चिकनच्या साखळ्या पुष्कळ आहेत. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. तुमच्या घराचे हप्ते मी भरत नाही.

अशीच कोंडी असलेली आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत. टोरांटोत मुलगी कॉलेज करून तिथेच काउंटरला लागली म्हणून हवालदिल झालेले एक वडील आहेत. सिंगापूरहून एकाने विचारलंय की ऑफिसातले सगळे तिकडे जेवायला निघाले तर जावं का. त्यांना इतकं लांबण लावणार नाही. तासाच्या पगारावर काम करणाऱ्या मुलीवर मालकाच्या मतांचं ओझं टाकू नका. तिथे तिला माणसासारखं वागवतात का, ते विचारा. आणि दुपारच्या जेवणाचं म्हणाल, तर जायचं नसेल तेव्हा ‘मला तिकडे नको’ एवढं पुरे. व्याख्यान देऊ नका, समोरच्याचं सँडविच गार होतं.

ताई, अर्जाला घाई नाही. त्याआधीचा एखादा रविवार बघा, नवऱ्याला एक दिवस रजा टाकायला लावा आणि दोघांनाही जेवायला बोलावा. भावाला एकट्याला नाही, दोघांना. चिकन घरचंच करा. जेवणं झाल्यावर नवऱ्यानेच विषय काढावा, तुम्ही नको. आईला काय आणि कधी सांगायचं हे मात्र भावाने ठरवायचं, तुम्ही त्याच्या आधी तोंड उघडू नका. तो ‘अजून नको’ म्हणाला तर ‘फ्लॅटमेट’ हा शब्द तेवढा गाळा. फोनवर नुसतं त्या मुलाचं नाव घ्या.